शिकायचंय? मग घर सोड!

मेच्या दुसऱ्या आठवड्यात गावी गेलो होतो. गाव सांगली जिल्ह्यात, तालुक्याच्या ठिकाणापासून चौदा किलोमीटर आत. मामेभावाकडे उतरलो. रात्री जेवायला बसलो तेव्हा त्याचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, माझ्या शेजारी होता. वय वर्षं तेरा. ताट समोर आलं तसा त्याने डावा हात ताटाभोवती कुंपणासारखा लावला, मान खाली घातली आणि तीन-चार मिनिटांत जेवण संपवलं. ना गप्पा, ना "आई, आमटी वाढ". संपल्यावर ताट मोरीत ठेवलं आणि हाताची घडी घालून भिंतीला टेकून उभा राहिला. कुणीतरी 'जा' म्हणेपर्यंत.

मी वहिनीकडे बघितलं. ती म्हणाली, "तिकडं असंच जेवत्यात भावजी. हळू खाल्लं की शेजारचं पोरगं ताटातलं उचलतंय."

'तिकडं' म्हणजे निवासी विशेष शाळा. घरापासून एकशे दहा किलोमीटर, दुसऱ्या जिल्ह्यात. आणि ती शाळा शोधून देणारा दुसरा तिसरा कुणी नसून अस्मादिकच.

आधी थोडं त्याच्याबद्दल. बौद्धिक अक्षमता, सर्टिफिकेटवर ७५ टक्के, शिवाय आकडी येते म्हणून दोन वेळच्या गोळ्या. (हे टक्क्यांचं सर्टिफिकेट सिव्हिल हॉस्पिटलातून आणावं लागतं. चाळीसच्या खाली गेलात तर कायद्यातल्या बऱ्याच तरतुदी तुमच्या कामाच्या नाहीत. आख्ख्या महाराष्ट्रात ही एकच परीक्षा असेल जिथे मुलाला टक्के जास्त पडले तर आई रडते आणि कमी पडले तर बाप.) शब्द थोडे, पण जे आहेत ते पक्के. गोठ्यातल्या चारही म्हशींची नावं त्याला येतात. लांबून नुसता इंजिनाचा आवाज आला की मुक्कामाची गाडी आली का दुधाचा टेम्पो, हे तो घरातल्या सगळ्यांच्या आधी सांगतो. जेवताना प्रत्येक घासाला काहीतरी बोलायचा. म्हणजे, अडीच वर्षांपूर्वी बोलायचा.

अडीच वर्षांपूर्वी दादाचा फोन आला. "तू कंप्युटरवाला आहेस, बघ की एखादी चांगली शाळा." मी बघितली. आमच्या धंद्याच्या सवयीप्रमाणे एक एक्सेल शीट केली. शाळेचं नाव, जिल्हा, निवासी की अनिवासी, अनुदानित की विनाअनुदानित, फोन लागला का, फोनवर कोण कसं बोललं. दोन शनिवार-रविवार घालवून सुमारे चाळीस ओळी भरल्या आणि मग फिल्टर लावला: गावापासून तीस किलोमीटरच्या आत, रोज जाऊन-येऊन करता येईल अशी. शून्य ओळी! फिल्टर चुकला असेल म्हणून परत लावला. शून्यच. ज्या अनिवासी शाळा होत्या त्या शहरात. खेड्यातल्या मुलासाठी जे काही होतं ते सगळं निवासी होतं.

तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, ही कबुली देतो. उलट वाटलं, वा, राहायची-जेवायची पण सोय आहे! दादाला म्हटलं, टाक. वहिनी तयार नव्हती. तिला मी अर्धा तास फोनवर 'प्रोफेशनल हेल्प' या विषयावर लेक्चर दिलं. आठवलं की अजून लाज वाटते.

आता तुम्ही म्हणाल, गावातच जिल्हा परिषदेची शाळा असेल की. आहे ना! त्या शाळेत तो पाच वर्षं होता. पटावर नाव होतं, हजेरी होती, खिचडी होती. दोन गुरुजी आणि चार वर्ग. एका वर्गाला पाढे म्हणायला लावून दुसऱ्याला शुद्धलेखन द्यायचं, हे ज्यांचं रोजचं जीवन, त्या गुरुजींनी या मुलाला खिडकीजवळ बसवलं आणि हातात पाटी दिली. पाच वर्षं पाटी हातात होती. गुरुजी माणूस वाईट नाही, मारलं कधीच नाही, उलट आकडी आली तेव्हा स्वतःच्या मोटरसायकलवर घालून दवाखान्यात नेलं. पण विशेष मुलाला शिकवायचं कसं हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. ज्यांना येतं ते फिरते विशेष शिक्षक. ते वर्षातून सहा-सात वेळा यायचे, रजिस्टरवर सही करायचे, अर्धा तास मुलाशी बोलायचे आणि पुढच्या शाळेला जायचे. त्यांचाही दोष नाही. त्यांच्याकडे शाळा किती होत्या ते त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी गप्प बसलो.

सरकारी भाषेत याला 'समावेशित शिक्षण' म्हणतात. मुलगा वर्गात समाविष्ट झाला, शिक्षण तेवढं बाहेर राहिलं.

कागदावर मात्र आपण फार श्रीमंत आहोत हो. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात अपंग मुलं स्पष्टपणे आली आणि तीव्र अपंगत्व असेल तर घरी शिकण्याचा हक्कही आला. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं, यात एकवीस आहेत. त्याच्या ३१ व्या कलमात लिहिलंय की सहा ते अठरा वयाच्या मुलाला शेजारच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकता येईल. पसंतीच्या! मेनूकार्डावर एकच पदार्थ छापायचा आणि वर विचारायचं, साहेब काय घेणार?

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं की प्राथमिकला दहा विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. त्यानंतर २०२४ साली आपल्या राज्याने प्रत्येक केंद्राला एक याप्रमाणे ४८६० विशेष शिक्षकांची पदं मंजूर केली. चांगलं झालं, आधी हेही नव्हतं, बरीच माणसं वर्षानुवर्षं कंत्राटावरच राबत होती. पण केंद्र म्हणजे एक शाळा नव्हे, साधारण दहाएक शाळांचा तो गट. म्हणजे एका शाळेच्या वाट्याला आठवड्यातला अर्धा दिवस, तोही मीटिंगा, सर्वेक्षणं आणि ऑनलाइन माहिती भरणं सोडून उरला तर. आणि पैसा? केंद्राची 'समग्र शिक्षा' योजना २०१८ मध्ये आली तेव्हा विशेष मुलामागे ठरलेली रक्कम होती वर्षाला ३५०० रुपये. शिक्षकाचा पगार वेगळा धरला तरी दिवसाला दहा रुपये पडत नाहीत. आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये दहा रुपयांत अर्धा कप चहा येतो.

तर असा तो खिडकीतला मुलगा उचलून मी एकशे दहा किलोमीटरवर नेऊन ठेवला.

त्या शाळेबद्दल सगळं वाईटच लिहिलं तर ते खोटं होईल. पहिल्या वर्षी तिथे एक बाई होत्या. विशेष शिक्षणाचा डिप्लोमा झालेल्या, कंत्राटी. त्यांच्याकडून मला एक गोष्ट कळली आणि एक प्रोग्रामर म्हणून मी अक्षरशः उडालो. टी-शर्ट घालणं हे आपल्याला एक काम वाटतं. बाईंनी त्याचे सात तुकडे केले होते. पुढची बाजू ओळखणं, डोकं घालणं, एक हात, दुसरा हात वगैरे. आणि शिकवायला सुरुवात कुठून, तर शेवटून! म्हणजे पहिले सहा तुकडे बाई करणार आणि छातीवर अडकलेला शर्ट खाली ओढायचा, एवढंच मुलाने करायचं. ओढला की काम पूर्ण, शाबासकी. ते जमलं की शेवटचे दोन. मग शेवटचे तीन. पहिल्या दिवसापासून प्रत्येक वेळी 'मी शर्ट घातला' यावरच शेवट होतो, 'मला जमलं नाही' यावर कधीच होत नाही. मदतही हळूहळू काढत न्यायची. आधी हाताला धरून, मग नुसती खूण, मग नुसता शब्द, मग तेही नाही. पंधरा वर्षं मी डीबगिंग करतोय, पण इतकं स्वच्छ डोकं मला आमच्या टीम लीडमध्ये पण दिसलं नाही. चार महिन्यांत पोरगा शर्ट घालायला शिकला. दहाची आणि वीसची नोट ओळखायला लागला, कारण बाई चार-चार पोरांना घेऊन आठवडी बाजारात कोथिंबीर आणायला जायच्या.

बाईंच्या वर्गात तेव्हा एकवीस मुलं होती. पुढच्या जूनमध्ये त्या दुसरीकडे गेल्या. त्यांच्या जागी दीड वर्ष कुणी आलं नाही.

यंदा मेमध्ये मी आणि दादा त्याला आणायला गेलो तेव्हा मी फाईल मागितली. नियमाप्रमाणे प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा असतो. मुख्याध्यापक म्हणाले, "फाईल ऑडिटला गेलीय." मी म्हटलं, "सर, मी थांबतो." तासाभराने फाईल ऑडिटहून परत आली! त्यात होतं: उद्दिष्ट क्रमांक चार, बुटाची नाडी बांधणे, ८० टक्के साध्य. आमच्या पोराकडे बूटच नाहीत. आहेत त्या चपला. शेजारच्या पोराची फाईल टेबलावर उघडीच होती. त्यातही नाडी, ८० टक्के. तो मुलगा चाकाच्या खुर्चीत बसतो आणि त्याची बोटं वळत नाहीत. झेरॉक्स, दुसरं काय. खोटे टेस्ट रिपोर्ट आमच्या धंद्यातही निघतात, उगाच सोवळेपणा कशाला. पण आमच्याकडे रिलीजनंतर दोन दिवसांत क्लायंट बोंब मारतो. इथे क्लायंटला नीट बोलता येत नाही आणि त्याच्या आईला फाईल दाखवत नाहीत.

दादा मला बाहेर घेऊन गेला. "वाद घालू नकोस रे, परत त्याला इथंच ठेवायचाय." हे वाक्य मी मुद्दाम इथे लिहून ठेवतो. या सगळ्या व्यवस्थेचा कणा म्हणजे हे वाक्य आहे.

आता माझा खरा वाद. तो त्या एका शाळेशी नाही. तिचं नावही मी लिहिणार नाही, कारण नाव लिहिलं की सगळे त्या शाळेवर तुटून पडतील आणि बाकीच्या मोकळ्या सुटतील. माझा वाद हा आहे की खेड्यातल्या विशेष मुलाला शाळा हवी असेल तर तिची किंमत म्हणून घर द्यावं लागतं. तुमच्या-माझ्या मुलांकडून सहाव्या वर्षी ही किंमत कोण मागतं? श्रीमंत लोक पाचगणीला पाठवतात ते हौसेने. पण बालवाडीतल्या पोराला कुणी म्हणालं, अ-आ-ई शिकायचंय ना, मग आईला महिन्यातून एकदाच भेटायचं, तर गावोगाव मोर्चे निघतील. आणि जे मूल आईशिवाय आंघोळ करू शकत नाही, तोंडाने दुखणं सांगू शकत नाही, त्याच्याकडून आपण हे बिनबोभाट वसूल करतो. वर आईबापांनी आभार मानायचे.

हे असं का झालं? एक कारण इतिहासात आहे. आपल्याकडच्या पहिल्या विशेष शाळा मिशनऱ्यांच्या. मुंबईची कर्णबधिर मुलांची शाळा १८८५ ची, दादरची अंधांची शाळा १९०० ची, छप्पन्नच्या दुष्काळाच्या सुमाराची. जे मूल निराधार म्हणून दारात आलं त्याला आधी छप्पर आणि भाकरी द्यायची, मग शिकवायचं, हे त्या वेळी बरोबरच होतं. पुढच्या काळात ज्या चांगल्या शाळा निघाल्या त्यातल्या कितीतरी आईबापांनी काढल्या. मुलीला डाउन सिंड्रोम, तिला घेणारी शाळा नाही, म्हणून १९४४ मध्ये वकील दांपत्याने मुंबईत जय वकील शाळा सुरू केली. मुलीला सेरेब्रल पाल्सी, म्हणून १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी काढली. त्यांच्यापुढे मान लवते. पण शाळा नाही म्हणून प्रत्येक बापाने शाळाच काढायची का? माझा दादा दीड एकर जिरायत आणि चार म्हशींवर संस्था रजिस्टर करणार का? गावात दवाखाना नाही म्हणून आपण कुणाला एमबीबीएस व्हायला सांगत नाही.

दुसरं कारण हिशोबाच्या वहीत आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्या राज्यात विशेष शाळा शिक्षण खात्याकडे नाहीतच! बऱ्याच वाचकांना हे माहीत नसेल, मलाही नव्हतं. वर्षानुवर्षं त्या समाजकल्याण, मग सामाजिक न्याय खात्याकडे होत्या. डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला, तिकडे गेल्या. म्हणजे शाळा आहे, शिक्षक आहेत, फळा आहे, घंटा आहे आणि खातं कुठलं, तर कल्याण! कोठारी आयोगाने १९६६ मध्येच सांगितलं होतं की अपंग मुलांचं शिक्षण हा एकूण शिक्षणव्यवस्थेचाच भाग असायला हवा, भूतदयेचा विषय म्हणून बाजूला ठेवायचा नाही. १९७४ मध्ये केंद्राने अपंग मुलांना नेहमीच्या शाळेत आणायची योजना काढली ती कल्याण मंत्रालयातून, आणि १९८२ मध्ये ती शिक्षण खात्याकडे दिली. योजना गेली, विशेष शाळा मात्र राहिल्या त्या राहिल्याच.

तुम्ही म्हणाल, खात्याच्या पाटीने काय फरक पडतो? पडतो. कल्याण खातं काय मोजणार? लाभार्थी. किती डोकी, किती खाटा, किती ताटं. निवासी शाळेला पगाराशिवाय मुलामागे दरमहा परिपोषण अनुदान मिळतं, ते राहणाऱ्या मुलाचं. रोज घरी जाणाऱ्या मुलाच्या जेवणा-राहण्याचं अनुदान कुठून येणार? मग संस्था चालवणारा माणूस, अगदी सज्जन असला तरी, रोजच्या शाळेची व्हॅन चालवेल की पन्नास खाटांची मंजुरी आणेल? आमच्या भाषेत सांगायचं तर पॉइंटर चुकीच्या जागेकडे दाखवतोय. पैसा खाटेला जोडलाय. तो मुलाला जोडायला हवा. मूल घरून येत असेल तर तोच पैसा व्हॅनला आणि व्हॅनमध्ये बसणाऱ्या मावशीला मिळायला हवा.

मध्ये एक आठवलं म्हणून. अपंग, विकलांग, मतिमंद, गतिमंद, विशेष, आणि २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधान रेडिओवर बोलल्यापासून दिव्यांग. दर काही वर्षांनी पाट्या रंगवणाऱ्यांना बरं काम मिळतं. असो.

हे मी ज्यांच्याशी बोललो त्यातले तिघे माझ्यावर चिडले आणि तिघांचंही म्हणणं ऐकण्यासारखं आहे.

एक आमच्या ओळखीचे निवृत्त विशेष शिक्षक. ते म्हणाले, "शिक्षण खात्याला यातलं ओ की ठो कळत नाही. ते सगळ्या मुलांना एका चाचणीला बसवतील आणि आमचं वाटोळं करतील." शक्य आहे. पण शिक्षण खातं निदान 'मूल काय शिकलं' हा प्रश्न तरी विचारतं, उत्तर खोटं मिळो. शिवाय झेडपीच्या शाळेत आईबाप केव्हाही घुसतात, मास्तरला जाब विचारतात, शाळा व्यवस्थापन समितीत बसून भांडतात. पुतण्याच्या शाळेत पालकांची समिती कागदावर होती. तिचा अध्यक्ष कोण हे एकाही पालकाला सांगता आलं नाही.

दुसरी माझी मैत्रीण, बीड जिल्ह्यातली. तिने विचारलं, "ऊसतोडीला जाणारी बाई काय करेल? सहा महिने फडावर, पहाटे चारला कोयता. तिच्या मुलाला हॉस्टेल नको?" हवं! शंभर टक्के हवं. एकटी आई आहे, घरात दारुडा बाप आहे, आजी अंथरुणाला खिळलीय, अशा मुलांना चांगलं वसतिगृह म्हणजे जीवदान आहे. सगळी निवासी शाळा बंद करा असं म्हणणारे परदेशी परिषदांतले विद्वान मला मान्य नाहीत. माझं म्हणणं एवढंच की वसतिगृह घरच्या अडचणीसाठी असावं. शाळेच्या तुटवड्यासाठी नको. माझ्या दादाच्या घरात आई आहे, आजी आहे, गोठा आहे, मुलावर जीव टाकणारी माणसं आहेत. नव्हती ती फक्त शिकवणारी.

तिसरा ऑफिसातला मित्र. म्हणाला, "अरे, आईबापांनाच ही मुलं नको असतात. टाकून मोकळे होतात." असतील असेही. पण मी त्याला वहिनीचा दुसरा रविवार सांगितला. भेटीची वेळ महिन्याच्या दुसऱ्या रविवारी अकरा ते चार. ती शनिवारी रात्री लाडू करते, पहाटेची एसटी पकडते, तीन गाड्या बदलते, साडेबाराला पोचते. दोन तास बसते, कारण परतीची गाडी अडीचला. लाडू ऑफिसात जमा करायचे, आतून वाटले जातात म्हणे. सव्वीस महिन्यांत तिने तीन रविवार चुकवले, त्यातला एक स्वतः सलाईनवर होती म्हणून. मित्र पुढे काही बोलला नाही.

आणि या बंद फाटकाचंच मला सगळ्यात जास्त भय वाटतं. ज्या मुलाला घडलेलं सांगता येत नाही, त्याच्या आणि त्याच्या आईच्या मध्ये कुलूप लावायचं, याला 'शिस्त' म्हणतात. काय होतं कुलपामागे? फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी मतिमंद मुलींच्या वसतिगृहातल्या मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढून टाकली गेली. कारण काय, तर पाळीची स्वच्छता सांभाळणं कठीण जातं! पाळी कशी सांभाळायची हे टी-शर्टसारखंच तुकडे करून शिकवता येतं आणि चिकाटीच्या बाया ते शिकवतात. पण त्याला माणसं लागतात, त्यापेक्षा ऑपरेशन सोपं. स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या तेव्हा ते थांबलं. २०१० मध्ये ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या कवडासच्या मतिमंद मुलांच्या संस्थेतल्या उपासमारीची बातमी आली आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. २०११ मध्ये पनवेलजवळ कळंबोलीच्या संस्थेतल्या मुलींवरचे अत्याचार उघड झाले. या संस्थांना रजिस्टर नव्हतं का? तपासणी नव्हती का? होती की. पण तपासणीसाचा दिवस आधी ठरतो. आईचा दिवस ठरलेला नसला पाहिजे. माझं चाललं तर मी एकच नियम करेन: ज्या संस्थेत पालकाला कुठल्याही वारी, कुठल्याही वेळी, न सांगता स्वयंपाकघरापर्यंत जाता येत नाही, तिचं अनुदान त्याच महिन्यात थांबवायचं.

आमच्या पोरावर तसलं काही झालेलं नाही. असं मला वाटतं. 'वाटतं' हा शब्द मी खोडून परत लिहिला, कारण खात्रीने सांगायला माझ्याकडे काहीच नाही. त्याला विचारलं तर तो हाताची घडी घालतो.

अजून एक तारीख या व्यवस्थेत दडलीय, अठरावा वाढदिवस. शाळेचा हक्क अठरापर्यंत. त्यानंतर कर्मशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर पेटी उचला आणि घरी. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चा आहे, त्याखाली अठरानंतर जिल्हा पातळीवरच्या समितीकडून कायदेशीर पालकत्व घेता येतं, निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. हे कागद वेळेत करून घ्या, ओळखीत कुणी असेल तर त्यांनाही सांगा. पण ज्यांना घरच नाही त्यांचं काय? अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकर टाकून दिलेल्या अपंग मुलांना आपलं आडनाव देऊन सांभाळतात. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची वर्षानुवर्षांची मागणी एकच: अठरा झालं म्हणून या मुलांना संस्थेबाहेर काढू नका, तसा कायदा करा. आपण पद्मश्री दिली, कायदा दिला नाही.

मला काय हवंय ते साध्या शब्दांत सांगतो. तालुक्याला एक रोजची विशेष शाळा, शिक्षण खात्याची, झेडपीच्या चालत्या शाळेच्या आवारातच. पट कमी झाल्याने रिकाम्या पडलेल्या खोल्या गावोगाव आहेत, बांधकामाचं टेंडरसुद्धा काढायला नको. एक व्हॅन, त्यात एक मावशी. टी-शर्टवाल्या बाईंसारखी तीन-चार माणसं, कंत्राटी नव्हे, पूर्ण पगारावर. आणि ज्यांना खरंच राहायची गरज आहे त्यांच्यासाठी त्याच आवारात लहान वसतिगृह, शनिवारी घरी जाता येईल इतक्या अंतरावर. यात रॉकेट सायन्स काय आहे? प्रत्येक गावातून साखर कारखान्यापर्यंत ऊस वेळेवर पोचवणारं राज्य आहे आपलं. चार पोरं चौदा किलोमीटर नेऊन आणता येत नाहीत?

पुतण्या अजून गावीच आहे. काल वहिनीचा फोन होता. पहिल्या आठवड्यात तो जेवल्यावर भिंतीला उभा राहायचा, आता गोठ्यात पळतो म्हणाली. दोन घासांमध्ये एकदा "गाडी आली" असंही म्हणाला. शाळा १५ जूनला उघडते. दादा म्हणतो पाठवू या, इथे ठेवून काय करायचं, मी म्हातारा झाल्यावर याचं कोण बघणार? वहिनी म्हणते नाही. दोघंही मला विचारतात, कारण मी कंप्युटरवाला. मागच्या वेळी ज्या आवाजात लेक्चर दिलं तो आवाज आता निघत नाही.

मी सध्या एवढंच केलंय. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज दिलाय की मुलाला गावच्या शाळेत परत घ्या आणि विशेष शिक्षक आठवड्यातून ठरलेल्या दोन दिवशी येईल असं लेखी द्या. दुसरा अर्ज माहितीच्या अधिकारात: गेल्या तीन वर्षांत या केंद्रातल्या प्रत्येक शाळेत विशेष शिक्षक किती दिवस गेले, तारखेनिशी. तीस दिवसांची मुदत आहे, त्यातले नऊ दिवस झाले.